कळविण्यात येते की

हळू, दादा, हळू — आवाज जरा खाली घ्या. पोरगी आत्ताच डोळा लागून पडलीया, आणि ती उठली म्हंजे मग तुमचं न्हाई नि माझं न्हाई, कुणाचंच ऐकून घेणार न्हाई. बसा की. न्हाई, त्या खुर्चीचा पाय मोडलाय, इकडं कॉटवर बसा. आमच्या आत्या रानात गेल्यात भांगलायला — सासू वो माझी, साळूबाई, बघितलंय तुमी त्यांना — न्हाईतर त्यांनीच च्या टाकला असता. मी टाकते थोड्या वेळानं. तुमी आधी घाम पुसा. एवढं काय झालंय वो? माणूस जित्ता हाय, धडधाकट हाय, इस्लामपुरासनं सवता गाडी चालवत शिराळ्याच्या पुढं आमच्या वाडीपातुर आलाय — ही आनंदाची गोष्ट हाय. न्हाई, मी हसत न्हाई. तोंडच असं हाय माझं.

काय म्हणलासा? रेश्मा, तू चुकीचं वाचलंस? कुठं चुकलं, एक शब्द दाखवा. मजकूर तुमचा. गुंडा हाय न्हवं, भोंग्याची रिक्षा फिरवणारा, त्यानं तो माझ्या मोबाइलवर टाकला आणि मी जसाच्या तसा वाचला. पाठ हाय मला, ऐका — ‘समस्त पंचक्रोशीला कळविण्यात येते की, आपल्या सर्वांचे लाडके, मनमिळाऊ, दिलदार, गोरगरिबांचे आधारस्तंभ, श्री. उदयसिंह सयाजीराव,’ — इथं जरा थांबायचं, कारण स्वल्पविराम तुमीच टाकलाय — ‘यांच्या विजयमाला वस्त्रदालनाची दुसरी शाखा शिराळा येथे सुरू होत आहे. तरी सर्वांनी उद्या सकाळी उपस्थित राहावे.’ ह्यात कुठं मेलासा तुमी? मेल्याचं नावबी न्हाई ह्यात. साड्यांच्या दुकानाची जाहिरात हाय. आता लोकांनी त्याचा काय अर्थ काढला, हार घेऊन का आलं, टेम्पो भरून बायका का आल्या, ते माझ्या हातात हाय व्हय?

तिरडीला कळक आणलं होतं म्हणं कुणीतरी. गुंडानं सांगितलं. कळक, सुंभ आणि मडकं — एवढं समदं घेऊन तुमच्या भावकीतली माणसं फाटकात, आणि तुमी बनियनवर, तोंडात ब्रश, दार उघडून उभं! एक म्हातारी तिथंच किंचाळून बसली म्हणं. आवं, किंचाळणारच की. तुमी तरी शर्ट घालून यायचं न्हाई का.

आता चूक कुणाची ते मी सांगते, रागावू नका. चूक तुमची हाय. ती विशेषणं तुमची. ‘मनमिळाऊ, दिलदार, आधारस्तंभ’ — एवढं गुणगान जित्त्या माणसाचं कोण करतं, दादा? आमच्या भागात जित्त्या माणसाला एवढं चांगलं कवा कुणी म्हणलंय का? हे शब्द आमी राखून ठेवलेलं असत्यात. दुसरं म्हंजे, दुकानाचं नाव आधी आणि तुमचं मागनं असं ठेवायचं सोडून तुमी आपलं नाव पुढं घातलं. का, तर येत्या इलेक्शनला हुबं ऱ्हायचंय, नाव लोकांच्या कानावर पडलं पायजे. पडलं की! पण रिक्षा काय एका जागी थांबून बोलती व्हय? ती चालत असती. बांधावरच्या माणसाला ‘आधारस्तंभ उदयसिंह सयाजीराव’ एवढंच ऐकू येतं आणि मग रिक्षा गेली वळणाला. पुढची शाखा का काय ती वळणाच्या पलीकडच्याला. आणि मधल्या माणसाला काय, तर ‘सर्वांनी उद्या सकाळी उपस्थित राहावे.’ झालं. लोकांनी कामं टाकली नि आली. माणसं चांगली हायत आमच्याकडची, बोलावलं की येत्यात.

न्हाई, आवाज. त्यावरच येते मी. तुमी म्हणताय आवाजामुळं झालं. व्हय, माझ्या आवाजामुळंच झालं, मी कुठं न्हाई म्हणते. पण तो आवाज कशाचा हाय हे तुमाला ठावं नव्हतं, ह्याला मी काय करू? अख्ख्या तालुक्याला ठावं हाय. शाळेतल्या पोरांना ठावं हाय. रिक्षावर माझा आवाज आला की माणूस सायकलवरनं खाली उतरतो, टोपी काढतो, बायका चुलीपुढनं उठून दारात येत्यात — ‘कोण गेलं गं?’ दोन वर्सं झाली, इकडच्या कुठल्याबी वाडीत कोण वारलं की गुंडाचा फोन मला. नाव, गाव, वय, माती कवा, ते सांगतो आणि मी घरात बसून रेकॉर्डिंग करून पाठवते. तुमी गाडीच्या काचा वर करून, गार हवा लावून फिरणार, तुमाला कुठनं ऐकू येणार कोण मेलं नि कोण ऱ्हायलं. तुमी गुंडाला इचारलं, सगळ्यात चांगला आवाज कुणाचा? तो बापडा खरं बोलला — रेश्मावहिनीचा, तिचा आवाज लागला की माणूस हातातलं काम टाकून ऐकतो. का टाकतो, हे इचारलं का तुमी? न्हाई इचारलं. रेश्मा कोण, हेबी न्हाई इचारलं.

हे बघा, ही माझी कंपनी. ही वाकळ दोरीवर टाकलीया, दुसरी ह्या बाजूला, मधी मी बसते मांडी घालून, मांडीवर पोरगी, फुडं मोबाइल. बाहेरचा कोंबडा न्हाई, टॅक्टर न्हाई, काय ऐकू येत न्हाई आत. पहिल्यांदा केलं तवा अबोली तान्ही होती. अबोली — पोरगीचं नाव वो. हे पंजाबात ड्युटीवर, फोनवरनंच नाव ठेवलं ह्येंनी. तर गुंडाचा नेहमीचा बोलणारा माणूस, जोतीराम, त्याचा घसा बसला होता, आणि वरच्या आळीतलं एक म्हातारं गेलं. गुंडा दारात. वहिनी, तुमी दुकानात माइकवर बोलत होता की, एवढं बोला. आता मी बोलणार कशी? पोरगी रात सारी रडून नुकतीच मांडीवर झोपलेली. मग मी आपली हळू बोलले. एकेक शब्द सावकाश, खालच्या सुरात, थांबत थांबत, मधेच तिच्या पाठीवर थापटत. ती उठू नये म्हणून, दुसरं काय न्हाई. आणि लोकांना वाटलं, बाई किती गहिवरून बोलतीया! त्या म्हाताऱ्याच्या लेकी गळ्यात पडल्या माझ्या. म्हणल्या, आमचा बाप आमाला एवढा जवळचा नव्हता वाटला, जेवढा तुझ्या तोंडनं वाटला. तवापास्नं तोच आवाज. मुलगी झोपवायचा आवाज तो, दादा. लोक त्यालाच मरणाचा आवाज म्हणत्यात.

आधी माझा असा आवाज नव्हता. तुमाला तर ठावं असायला पायजे. तुमच्या दुकानाच्या दारात माइक घेऊन कोण हुबं असायचं दिवाळीत? ‘या ताई, या वहिनी, बघायला काय पैसं पडत न्हाईत, पैठणी बघा, इरकल बघा’ — एस्टी स्टँडपातुर जायचा माझा आवाज. पलीकडचं भांडीवालं चिडायचं, म्हणायचं ही बाई माझं गिऱ्हाईक ओढून नेती. तुमीच हसत सांगायचा की सगळ्यांना, आमची रेश्मा म्हंजे दुकानाचा भोंगा. भोंगा! मला राग न्हाई आला कवा. मला आवडायचं ते काम. मी खरंच सांगते, मला सासरची माणसं आवडली नसतील तेवढं ते काम आवडायचं.

काय? ते जुनं कशाला काढते? काढते. तुमी माझ्या घरी बसलाय, माझ्या कॉटवर. जुनं काढायचं का नवं, ते मी ठरवणार.

बाळंतपणानंतर मी परत आले तवा पोरगी अजून अंगावर पीत होती. सकाळी पाजून निघायचं, एस्टीनं यायचं, आणि दुपारपातुर छातीत दगड. तुमच्या दुकानात बसायला एक खोली नव्हती, गोदामात जाऊन पिळून काढायची मी, साड्यांच्या गठ्ठ्यामागं. तुमाला मी काय मागितलं होतं सांगा? आठवतंय का? मी म्हणलं, दादा, वरीसभर मला घरनं काम द्या. नव्या साड्यांचं फोटो मला पाठवा, मी मोबाइलवरनं गिऱ्हाइकांना दाखवते, भाव सांगते, फोन घेते, ऑर्डर लिहून कळवते — बायकांना माझा आवाज वळखीचा हाय, ऐकत्यात माझं. पगार कमी द्या म्हणलं. आणि तुमी? ‘घरात बसून कोण काम करतं व्हय, रेश्मा? घरात बसून बायका झोपा काढत्यात.’ ठीक हाय, म्हणला तर म्हणला, मालक हायसा. पण त्याच वक्ताला — आता आठवलं का? खाली बघताय म्हंजे आठवलं — त्याच वक्ताला माझा पान्हा फुटला. पलीकडच्या काउंटरवर कुणाचंतरी लेकरू रडलं आणि हिकडं माझा ब्लाऊज समदा भिजला. हातात साड्या, पदर ओढायलाबी हात मोकळा न्हाई. दुकान भरलेलं. लगीनसराई. आणि तुमी गिऱ्हाइकांदेखत, माइक हातात धरून, माझाच माइक — ‘बाई, हितं साड्या विकायच्यात, डेरी न्हाई काढली आमी.’

हसली माणसं. सगळी हसली. शर्टाचं कापड बघत बसलेलं एक म्हातारं तेवढं हसलं न्हाई.

मी त्या दिवशी एस्टीत बसले न्हाई. चालत निघाले. पेठनाक्यापातुर चालत गेले, पदर असा घट्ट गुंडाळून, आणि तोंडातनं शब्द फुटंना. घरी आले, आत्यांनी पोरगी मांडीवर दिली, आणि दूध आलं न्हाई. दुसऱ्या दिवशीबी न्हाई. आत्यांनी आळीव शिजवलं, खोबरं दिलं, बाळंतशेपा दिल्या — न्हाईच. आटलं ते आटलं. भुकेली रडायची ही आणि मी नुसती हिच्याकडं बघायची. हे तुमाला कुणी सांगितलं नसंल. सांगायचं नव्हतंच मला, निघून गेलं तोंडातनं.

आणि मग काय कळलं, तर मी मागितलं होतं तेच काम, फोटो नि फोन नि ऑर्डरी, तसंच्या तसं तुमच्या मेव्हणीला दिलं. प्रियदर्शनीताई. सांगलीला, विश्रामबागेत, घरात बसून. घरात बसून बायका झोपा काढत्यात ना? मग त्या काय करत्यात? कल्पना माझी, गिऱ्हाइकं माझी, माझ्या मोबाइलवर बायकांचं फोन यायचं, ‘रेश्मा, ती दुसरीच कोण बोलती गं, तिला इरकल नि इचलकरंजीतला फरक कळंना.’ मी म्हणायची, मला काय ठावं न्हाई ताई, मी झोपा काढतीया.

तर तुमचा मजकूर आला तवा मी नाव वाचलं. वाचलं आणि मोबाइल खाली ठेवला. अबोली खेळत होती, चांगली जागी, हसत होती माझ्याकडं बघून. त्या दिवशी हळू बोलायचं काय कारणच नव्हतं. आणि खरंच सांगते, पहिल्या खेपेला बोलले ते जुन्याच आवाजात आलं! ‘या ताई, या वहिनी’वाला आवाज. माझा मलाच ऐकून हसू फुटलं — मला वाटलं होतं तो गेला, दुधाबरूबर गेला, पण होता की आत कुठंतरी. अगदी ठसठशीत. तो पाठवला असता तर आज तुमच्या शाखेत पाय ठेवायला जागा नसती. पण मी तो पुसून टाकला. पोरगीला मांडीवर घेतली, थापटली, निजवली, ती पूर्ण निजंपातुर वाट बघितली — आणि मग बोलले.

हां.

ऐकलंसा ना. आता ऐकलंच हाय तर ऐका. मुद्दाम केलं. तो स्वल्पविराम तुमचा, पण त्याच्यापुढं जेवढं मी थांबले ना, तेवढं मेलेल्या माणसाच्या नावापुढंच थांबत्यात. मला ठावं होतं रिक्षा कुठल्या वळणाला काय बोलती. लोक टोप्या काढत असतील, ‘आरं आरं, उदयसिंह गेला का’ म्हणत असतील, आणि मी हितं भाकरी थापत होते, आणि एकेक भाकरी टम्म फुगत होती. लय दिवसांनी एवढी भूक लागली मला. आणि अजून एक सांगू? तुमच्या दुकानातल्या पोरींनी ऐकल्या ऐकल्या शटर ओढलं आणि सुट्टी घेऊन घरी गेल्या. एकीनंबी डोळ्याला पदर लावला न्हाई. खोटं वाटत असंल तर इचारा त्यांना. आधारस्तंभ!

फकस्त एका माणसाचं वाईट वाटलं. तुमच्या आईंचं. विजयमालाकाकूंचं. त्या माहेरी आलेल्या होत्या, रिक्षा त्याच आळीतनं गेली, आणि त्या उंबऱ्यात मटकन खाली बसल्या म्हणं. हे मला न्हाई सुचलं. दादा, शप्पत, हे मला आधी सुचलंच न्हाई. माझ्या बाळंतपणात डिंकाचं लाडू कुणी आणलं? त्यांनी. पोरीला टोपरं, झबलं, दुपटं, सगळं त्यांनी. तुमाला न सांगता आल्या होत्या. त्या बऱ्या हायत ना आता? पाणी-बिणी घेतलं का? एवढं तरी बोला. बरं, नका बोलू. मी जाणार हाय त्यांच्याकडं, त्यांच्या पाया पडणार हाय आणि सांगणार हाय, काकू, माझं चुकलं. तुमाला न्हाई म्हणणार. त्यांना म्हणणार.

मघाशी दारातनंच काय वरडलासा तुमी? मी नवं रेकॉर्डिंग करायचं — ‘माझ्या चुकीमुळं गैरसमज झाला, उदयसिंह जिवंत हायत’? करते की! माझ्याच आवाजात ना? लोक टोप्या काढूनच ऐकतील. म्हणतील, बघा, बिचारी अजून रडतीया त्याच्यासाठी. आणि न्हाई केलं तर? गुंडाला सांगणार, कराड, विटा, बत्तीस शिराळा, समद्या रिक्षावाल्यांना सांगणार, हिला काम द्यायचं न्हाई. पोलिसात जाणार. म्हंजे परत तेच. घरात बसून चार शब्द बोलते, त्यावर पोरगीचं दूध येतं, औषध येतं, माझी मी ऱ्हाते — तेबी काढून घेणार. एकदा घेतलंसा तुमी. मला वाटलं होतं तेवढ्यानं भागलं असंल.

पण मी म्हणते, तुमी एवढं गप कसं? मघापास्नं मीच बोलतीया. आल्या आल्या एवढं वरडत होता, आणि पुसून टाकलं म्हणल्यापास्नं एक शब्द न्हाई तुमचा. मान हलवताय नुसती. च्याबी नको म्हणलासा. खिसा कशाला असा फुडं करून बसलाय—

थांबा. हलू नका.

खिशातनं लाल टिंब दिसतंय, दादा. तुमी मोबाइल उलटा घातलाय, पडदा बाहेर. ते टिंब मी रोज बघते. सेकंद मोजणारं आकडं पळत्यात बघा खाली. रेकॉर्डिंग करायला आलता होय माझं? माझं?

न्हाई, न्हाई, बंद करू नका. हात खाली. चालू ठेवा. चांगलं आलं असंल बघा, दोन वाकळा लावल्यात, मागं कोंबडाबी न्हाई. ‘मुद्दाम केलं’ हे पायजे होतं ना तुमाला? गावलं. स्वच्छ गावलं. आता एक काम करा. हे तुमच्या वकिलाला, पोलिसाला ऐकवायच्या आधी गुंडाच्या रिक्षावर लावा. सगळं लावा, पहिल्यापास्नं. मागचं-पुढचं कापू नका — कापलेलं मला ऐकू येतं, आणि गुंडालाबी येतं. माझा आवाज हाय, लोक सायकलवरनं उतरतील. बायका दारात येतील. मी काय केलं ते ऐकतील, आणि तुमी काय केलं तेबी ऐकतील — डेरीचं, मेव्हणीचं, माझ्या आटलेल्या दुधाचं. काकू माहेरातच हायत अजून ना? त्यांच्या आळीत जरा सावकाश घ्या म्हणावं. आणि शेवटी हे जोडा, आत्ताच बोलते, मोबाइल जवळ आणा. आणा की. बरं, तितनंबी येतंय.

‘समस्त पंचक्रोशीला कळविण्यात येते की, आपल्या सर्वांचे लाडके, गोरगरिबांचे आधारस्तंभ, श्री. उदयसिंह सयाजीराव, यांनी आपल्या दुकानात काम करणाऱ्या बाळंतिणीला भर गिऱ्हाइकांत हसून घालवले. ते अजून जिवंत आहेत. तरी सर्वांनी नोंद घ्यावी.’

झालं. आता थांबवा मशीन.

बघा, जागी झाली न्हाई पोरगी. एवढं बोलले, पापणी हलली न्हाई तिची. जावा आता. आणि दार हळू ओढून घ्या.